पाठकोरी पत्रकं

मालनताई,

तुम्हाला जाऊन आज बारा दिवस झाले. शोकसभेत वाटायला एक पत्रक हवं, असं संस्थेतल्या सगळ्यांनी ठरवलं आणि ते माझ्याकडं आलं. भोरात पत्रक म्हटलं की माझंच नाव निघतं. मी कागद घेऊन बसले. ‘वंचितांसाठी आयुष्य वेचणाऱ्या’ इथवर लिहिलं आणि थांबले. तुम्ही असतात तर चष्मा कपाळावर सरकवून विचारलं असतंत, वंचित म्हणजे कोण गं, आपल्याकडं असा कुणी येत नाही. पत्रक झालंच नाही. सभा पत्रकाशिवाय पार पडली. मी शेवटच्या सतरंजीवर बसले होते. लोक बोलत होते, रडत होते. मी पुढच्या बाईच्या शालीचे गोंडे बघत होते. एक गोंडा सुटला होता. त्या सभेतलं मला तेवढंच आठवतं.

तेव्हा हे पत्रक नाही. आपलं बोलणं अर्धवट राहिलं, त्याचा हा उरलेला भाग.

काल बबनची कोर्टात तारीख होती. तिथं काय झालं ते शेवटी सांगते, कारण तुम्हाला कुठलीही गोष्ट मधूनच सांगितलेली चालायची नाही. बबन हे त्याचं नाव नाही. हिर्डोशीच्या वर त्याची वाडी आहे, तिचंही नाव मी लिहिणार नाही. आणि हे कुठं छापायला देण्याआधी त्याला आणि त्याच्या आईला वाचून दाखवणार आहे, सावकाश. हे मी तुमच्याकडून शिकले, पण फार उशिरा.

तुम्हाला मी पहिल्यांदा पाहिलं ते एका पोलीस ठाण्यात. दोन हिवाळे झाले त्याला. बबनच्या वाडीत एकाची गवताची गंजी जळाली होती. चार माणसांनी देवळासमोर बबनला उभं करून विचारलं, तू पेटवलीस का रं? बबन म्हणाला, व्हय. चौतीस वर्षांचा माणूस, म्हशी राखतो, आईबरोबर राहतो. त्याला कुणी काहीही विचारलं तरी तो व्हय म्हणतो, कारण व्हय म्हटलं की विचारणारा निघून जातो. एवढं त्याला लहानपणापासून कळलेलं होतं. पोलिसांनी विचारलं, काडेपेटी ओढ्यात टाकलीस का? व्हय. मग ओढ्याकाठी एक काडेपेटी सापडलीही. कुठल्याही ओढ्याकाठी सापडेल.

मी तिथं गेले होते ते पत्रकासाठी माहिती गोळा करायला. तुम्ही बाकावर बबनच्या शेजारी बसला होता, दोघांच्या मधे तुमची ती कापडी पिशवी. हवालदार समोर. तुम्ही सहज विचारावं तसं विचारलंत, “बबन, आज वरंध्याच्या घाटातून रेल्वेनं आलास ना?”

“व्हय.”

“गर्दी होती का गाडीला?”

“व्हय. लई.”

आमच्या भोर-वेल्ह्यात रेल्वे नाही. कधी नव्हती. हवालदार इतके हसले की बशीतला चहा कागदांवर सांडला. तुम्ही हसला नाहीत. त्यांचं हसणं संपेपर्यंत थांबलात आणि म्हणालात, “हसा साहेब. पण हेही लिहून घ्या. त्याच पेनानं, त्याच कागदावर.”

त्यांनी लिहिलं नाही. पण पेनाला टोपण लावलं. तेवढं मी पाहिलं.

बाहेर आल्यावर मी म्हणाले, ताई, यावर मला पत्रक काढायचंय. तुम्ही मला वरपासून खालपर्यंत बघितलंत आणि खांद्यावरची पिशवी माझ्या हातात दिलीत. काढ की, म्हणालात, आधी वर्षभर ही धर.

मी धरली. आत फायली, पाण्याची बाटली, बिस्किटं, पेन्सिली आणि पाठकोरे कागद. एका बाजूला छापलेला कुठलाही कागद तुम्ही टाकू द्यायच्या नाहीत. कोरी बाजू शिल्लक आहे ना, म्हणायचात.

मी कुठल्या घरातून आले ते तुम्हाला माहीत होतं. आमच्याकडं गोष्टीची पुस्तकं नव्हती. बाबा पत्रकं लिहायचे, स्वतः छापायचे आणि मी ती दोरीवर वाळत घालायची. अक्षरं मी त्यांच्यावरच शिकले. आयुष्यात मी स्वतः वाचलेला पहिला शब्द ‘जाहीर’ होता. तुम्हाला हे सांगितलं तेव्हा तुम्ही खूप हसलात आणि मग तेच धरून बसलात. काय पत्रकबाई, आज जाहीर भूक लागली का? तुला ताप आला तरी तू जाहीर ताप म्हणशील. मी चिडायची. आता वाटतं, मला माझ्या शब्दांवर हसायला आधी कुणी शिकवलंच नव्हतं. आमच्या घरात शब्द ही हसायची गोष्ट नव्हती.

भोरहून वेल्ह्याला जायचं तर कापूरहोळला एक गाडी, चेलाडीला दुसरी. आपण आठवड्यातून एकदा जायचो. तुम्ही नेमकं करता काय, असं गाडीत कुणी विचारलं की तुम्ही म्हणायचात, बसायचं काम करते. आणि खरंच ते बसायचंच काम होतं. ज्याला हळू कळतं असं माणूस पोलिसात नाहीतर कोर्टात सापडलं, मग ते आरोपी असो, साक्षीदार असो, की त्याच्यावर अत्याचार झालेला असो, त्याच्या बाजूला बसायचं. त्याला विचारलेलं त्याला कळेल असं करायचं आणि त्यानं सांगितलेलं साहेबाला कळेल असं. तुमचा नियम एकच. ज्याचं उत्तर व्हय येईल असा प्रश्न विचारायचा नाही, आणि विचारावाच लागला तर उलट बाजूनंही विचारायचा. मग थांबायचं. तुम्ही पदराआड बोटांची पेरं मोजत थांबायच्या. वेल्ह्याला एका मुलीनं उत्तर द्यायला इतका वेळ घेतला की आपली एसटी गेली आणि पुढची दोन तासांनी होती. मी कुरकुरले. तुम्ही म्हणालात, उत्तर आलं ना? मग.

आपलं पहिलं भांडण बबनच्या वाडीवरून उतरताना झालं. मी म्हणाले, त्यानं गंजी पेटवली नाही याची तुम्हाला खात्री आहे ना. तुम्ही चालता चालता म्हणालात, “मला माहीत नाही.”

मी उभीच राहिले. मग आपण भांडतोय कशासाठी?

“त्याला विचारलं जावं म्हणून,” तुम्ही म्हणालात. “अजून त्याला कुणी विचारलेलंच नाही.”

मला राग आला होता. माझ्या पत्रकात माणूस निरपराध तरी असायचा नाहीतर जुलमी तरी. माहीत नाही, या वाक्यावर पत्रक निघत नाही. खाली रस्त्यावर येईपर्यंत मी तुमच्याशी बोलले नाही आणि तुम्ही ते जाणवूही दिलं नाहीत. टपरीवर चहा मागवताना मात्र दोन सांगितलेत.

दुसरं भांडण त्याहून मोठं. बबनला जामिनावर सोडवणारे वकील म्हणाले होते, आरोप ठेवतील त्या दिवशी कोर्ट एकच प्रश्न विचारेल, गुन्हा कबूल आहे का. बबन व्हय म्हणाला की संपलं. मी म्हणाले, सोपं आहे, त्याला न्हाई म्हणायला शिकवू. एकच तर शब्द. तुम्ही म्हणालात, “मग त्याच्या व्हयला जेवढी किंमत, तेवढीच त्या न्हाईला. तो बोलतच नसेल, आपणच बोलत असू, तर त्याला कशाला उभा करायचा?” मी म्हणाले, तुमच्या तत्त्वासाठी माणूस तुरुंगात जाईल. तुम्ही म्हणालात, तुझ्या शब्दानं तो सुटला तरी पुढच्या वेळी परत व्हयच म्हणेल. दोघीही खरं बोलत होतो. त्यामुळंच ते भांडण मिटलं नाही.

तुम्ही त्याला तिसरंच काही शिकवायला घेतलंत. ‘कळलं न्हाई. परत सांगा.’ आठ महिने. तुम्ही मुद्दाम तोंडातल्या तोंडात पुटपुटायच्या, मधेच इंग्रजीत काहीतरी विचारायच्या. बबन प्रत्येकाला व्हय म्हणायचा. त्याची आई चुलीपुढून म्हणायची, “बाई, दगडावर पानी वताय तुमी.” तुम्ही म्हणायच्या, वतू द्या, दगड धुतला तर जाईल.

आणि मग एक दिवस भोरच्या स्टँडवर कंडक्टर आपल्यावर काहीतरी ओरडला आणि बबन त्याच्याकडं वळून म्हणाला, “कळलं न्हाई. परत सांगा.” कंडक्टरनं परत सांगितलं, गाडी फलाटाला लागायचीय, मागं सरा. बबननं तुमच्याकडं पाहिलं. त्याचा तो चेहरा मला लिहिता येत नाही. समोरच्याला परत सांगायला लावता येतं, हे चौतीस वर्षांच्या माणसाला त्या दिवशी कळलं होतं. तुम्ही सगळ्यांना भजी खाऊ घातलीत. कंडक्टरलासुद्धा.

आता माझी पाळी येते. इथं मला थांबावंसं वाटतंय, पण थांबत नाही.

पिशवी धरून वर्ष कधीच उलटलं होतं. मी पत्रक काढलं. तुम्हाला न विचारता. ‘व्हय म्हणजे कबुली नव्हे’. बबनचं नाव, वाडीचं नाव, रेल्वेचा प्रश्न, हवालदारांचा सांडलेला चहा, सगळं. माझं सगळ्यात चांगलं पत्रक होतं ते. आठवडे बाजाराच्या दिवशी उभी राहून मी वाटलं. आणि ताई, लोकांनी ते वाचलं. माझी पत्रकं लोक घडी घालून खिशात ठेवतात किंवा त्यात लसूण बांधून नेतात. हे पत्रक त्यांनी एकमेकांना मोठ्यानं वाचून दाखवलं. मी घरी गेले ती हवेत.

पुढच्या बाजाराला बबन आईबरोबर आला. चहावाल्यानं विचारलं, काय बबनराव, आज रेल्वे टायमावर व्हती का? बबन म्हणाला, व्हय. लोक हसले. इंजिन कोण हाकत व्हतं, तूच का? व्हय. बबनही हसला. कुणी चहा दिला, कुणी भजी. त्याच्या पुढच्या बाजाराला त्याला लांबून हाका येऊ लागल्या. महिन्याभरात बबन व्हय म्हणायला सकाळपासून तयार व्हायला लागला. त्याच्याशी आजवर कुणी एवढं बोललं नव्हतं. आठ महिने तुम्ही जे शिकवलंत ते भज्यांपुढं टिकलं नाही, आणि का टिकावं?

तुम्ही माझ्या घरी आलात. बाबा म्हणाले, जय भीम ताई, बसा, चहा घ्या. एरवी तुम्ही आधी चहा आणि मग जय भीम म्हणायच्या. त्या दिवशी जय भीम म्हणालात आणि दारातच उभ्या राहिलात. मला विचारलंत, किती उरलीत? मी गठ्ठा आणून दाखवला. दे, म्हणालात.

मग एवढंच बोललात, “तू लोकांना जागं करायला गेलीस. त्यांना खेळ मिळाला.”

मी तेव्हाच माझं चुकलं म्हणायला हवं होतं. मला ते दिसत होतं. पण मी ज्या भाषेत वाढले त्या भाषेत बोलले. गप्प बसणाराही जुलमात सामील असतो म्हणाले. चळवळ चार भिंतींत होत नाही म्हणाले. शेवटी म्हणाले, तुमच्या बसण्यानं आजवर सुटले किती? बाबांनी माझं नाव घेऊन हाक मारली. तुम्ही गठ्ठा पिशवीत घातलात. मी सवयीनं पिशवी घ्यायला हात पुढं केला.

“राहू दे,” तुम्ही म्हणालात. “आता मी धरते.”

त्यानंतर पाच महिने आपण कामापुरतं बोललो. फाईल कुठाय. तारीख पडली. वेल्ह्याला तू जा, मी हिर्डोशीला जाते. तुम्ही बबनकडं एकट्या जायला लागलात आणि मला ते कळत होतं. गुडघे धरून ती चढण चढत असाल, हेही कळत होतं. गाडीत, जेवताना, मी मनात कितीदा तरी वाक्य जुळवलं. दर वेळी ‘माझं चुकलं’ नंतर ‘पण’ यायचं आणि त्या पणपासून पुढं पत्रक सुरू व्हायचं. माझ्याकडं लहान वाक्यंच नव्हती.

आणि तुम्ही गेलात. हृदय थांबलं, डॉक्टर म्हणाले. बाकी कसं, कुठं, ते सगळ्यांनी एकमेकांना इतक्या वेळा सांगितलंय की मी लिहीत नाही. आंबवड्याला तुमच्या घरी मी गेले, पायांना हात लावला, ते गार होते, एवढं कळलं. बाकी काही कळलं नाही. घरी येऊन जेवले. भाजीत मीठ जास्त होतं, ते आईला सांगितलंसुद्धा.

चौथ्या दिवशी वकिलांचा फोन आला. बबनवर आरोप ठेवायची तारीख आठवड्यावर आली होती. बबनला प्रश्न कसे विचारावेत, याचा तुमचा अहवाल कोर्टात दाखल होता. पण त्याच्या बाजूला कुणीतरी उभं राहायला हवं, म्हणाले. संस्थेतलं तुमचं कपाट मी उघडलं. खरं सांगते, त्यात माझ्यासाठी काहीतरी असेल असं वाटलं होतं. चिठ्ठी, एखादी ओळ. माणूस असं शोधतं. काही नव्हतं.

माझ्या पत्रकांचा गठ्ठा होता. त्यांच्या कोऱ्या बाजूवर तुम्ही पेन्सिलीनं कोर्ट काढलं होतं. दार, बाकं, साहेबांची उंच खुर्ची, पिंजऱ्यात उभा माणूस, आणि त्याच्या बाजूला चष्मेवाली बाई, खांद्याला पिशवी. प्रत्येक कागदावर तेच चित्र, दर भेटीला नव्यानं काढलेलं. वरच्या कागदांवर तुमचा हात होता. खालच्या कागदांवर हळूहळू बबनच्या वाकड्या रेघा आल्या होत्या. आधी फक्त दार त्याचं, मग दार आणि बाक. शेवटच्या कागदावरचं सगळं कोर्ट त्यानंच काढलेलं होतं. कागद उलटला की मागं माझं ‘व्हय म्हणजे कबुली नव्हे’.

यात माझ्यासाठी निरोप आहे असं मला वाटून घ्यायचं होतं. पण तुम्हाला ओळखते मी. तुम्हाला कागद हवा होता. तेवढंच.

दुसऱ्या दिवशी मी वाडीवर गेले. एसटी खालीच सोडते, मग चढण. बबनची आई नाचणी पाखडत होती. मी सांगितलं, ताई गेल्या. तिनं सूप खाली ठेवलं. म्हणाली, “गेल्या बुधवारी हितंच बसल्या व्हत्या. भाकरी न्हाई खाल्ली. पुढच्या टायमाला खाईन म्हनल्या.”

बबन म्हशीच्या दाव्याला गाठ मारत होता. मी त्याच्यासमोर उकिडवी बसले. बबन, मालनताई गेल्या. वारल्या. त्या आता येणार नाहीत.

तो म्हणाला, “व्हय.” आणि गाठ मारत राहिला.

त्याला कळलं की नाही ते मला कळायला मार्ग नव्हता. मार्ग होता, तुम्हीच शिकवलेला. उलट बाजूनं विचारायचं. ताई परत येतील ना, असं विचारायचं. माझ्यानं तो प्रश्न उच्चारवला नाही. मी चित्राचे कागद काढले आणि त्याच्याबरोबर कोर्ट काढत बसले. मग रोजच गेले.

तर काल.

भोरच्या कोर्टाच्या व्हरांड्यात आम्ही साडेदहापासून. बबनला आईनं धुतलेला सदरा घातला होता, केसाला तेल. वकील आत. मला एकाएकी भीती वाटली. आठवडाभर मी फक्त चित्रं काढली होती आणि आता शेवटची वीसेक मिनिटं उरली होती. ताई, मी त्याला म्हणाले, “बबन, साहेब काय पण विचारू देत, तू न्हाई म्हण.”

“व्हय.”

“काय म्हणणार?”

“न्हाई.”

मला बरं वाटलं. मग तुमची सवय माझ्या तोंडून आपोआप बाहेर आली. मी विचारलं, “तुझं नाव बबन ना?”

“न्हाई.”

“ही तुझी आई ना?”

“न्हाई.”

त्याची आई माझ्याकडं बघत राहिली. रागानं नाही. ‘हे काय केलंस बाई’ असं. मीही तेच स्वतःला विचारत होते. एका वाक्यात मी त्याच्या आईला पुसून टाकलं होतं. मी कागद काढला, त्याच्या मांडीवर ठेवला आणि म्हणाले, बबन, मी चुकीचं सांगितलं. ते सोड. ताईंनी काय सांगितलं होतं? तो कागदाकडं बघत राहिला. मी पेरं मोजत थांबले. दोन्ही हातांची पेरं संपली, परत सुरू केली. त्यानं चष्मेवाल्या बाईवर बोट ठेवलं.

“हितं ताई हाय.”

“आज तिथं मी उभी राहणार.”

त्यानं मला बघितलं, मग चित्र बघितलं, मग परत मला. “तुझी पिशवी कुठाय?”

मी फाईल हातातच आणली होती. तुमची पिशवी तुमच्या घरी खुंटीला आहे. ती मागायचं मला धाडस झालं नव्हतं. मी काही बोलायच्या आत त्याच्या आईनं स्वतःची पिशवी माझ्या पुढं केली, भाकरी बांधलेली, वर मिरचीचा डाग. “घ्या ही,” ती म्हणाली. मी खांद्याला लावली. बबननं मान हलवली.

पुकारा झाला. तो पिंजऱ्यात, मी बाजूला. साहेबांनी वाचलं, अमुक यांच्या मालकीच्या गवताच्या गंजीस हेतुपुरस्सर आग लावून नुकसान केले, असा तुमच्यावर आरोप आहे, आरोप समजला का, गुन्हा कबूल आहे का.

मी श्वास धरला असं लिहायला हवं. पण मला काहीच वाटत नव्हतं. खांद्यावरच्या भाकरी अजून कोमट होत्या, तेवढं जाणवत होतं.

बबन म्हणाला, “कळलं न्हाई. परत सांगा.”

मागं कुणीतरी हसलं. साहेबांनी तेच, तसंच परत वाचलं.

“कळलं न्हाई. परत सांगा.”

वकील काही बोलायला उठले. साहेबांनी त्यांना हातानं थांबवलं आणि फाईल चाळली. तुमचा अहवाल काढला, ताई. मला इतक्या लांबून तुमची सही दिसली. त्यांनी ते पान सावकाश वाचलं. मग हातातला कागद बाजूला ठेवून साध्या आवाजात विचारलं, “बबन, ती गवताची गंजी जळाली. ती तू पेटवलीस का?”

साहेब थांबले. कोर्ट कुणासाठी एवढं थांबलेलं मी पाहिलं नव्हतं.

“न्हाई.”

“मग दुसऱ्या कुणी पेटवली?”

“मला ठावं न्हाई. म्या म्हशी घिऊन पान्यावर गेल्तो.”

ही म्हशी आणि पाण्याची गोष्ट आम्हाला कुणालाच माहीत नव्हती. त्याच्या आईला नाही, वकिलांना नाही. तुम्हाला माहीत होती का? नसेल. तुम्ही म्हणाला होता तेच, त्याला अजून कुणी विचारलंच नव्हतं. ती खरी आहे की नाही, ते आता कोर्ट बघेल. साहेबांनी लिहिलं, गुन्हा नाकबूल. पुढची तारीख पडली.

बाहेर आल्यावर त्याच्या आईनं विचारलं, झालं का? मी म्हणाले, पुढची तारीख आहे. म्हंजी झालं न्हाई, ती म्हणाली. बरोबर होतं तिचं.

ताई, माझं चुकलं. बघा, दोनच शब्द होते. याच्यापुढं आज पण येत नाहीये.

स्टँडवर आम्ही हिर्डोशीच्या गाडीची वाट बघत बसलो. भज्यांच्या गाडीवाल्यानं लांबून हाक दिली, काय बबनराव, आज रेल्वेनं का यष्टीनं? रेल्वेनंच ना? बबन हसून म्हणाला, व्हय. त्याला कागदात चार भजी मिळाली. तो ती घेऊन येऊन माझ्या शेजारी बसला. कोर्टात जे झालं ते स्टँडवर नाही झालं. माझ्या पत्रकानं केलेलं तसंच आहे. ते निस्तरायला किती महिने लागतील ते तुम्ही सांगितलं असतंत. मला माहीत नाही.

भाकरीची पिशवी अजून माझ्याच खांद्याला होती. मग मी विचारलं. आधी सरळ बाजूनं.

“बबन, ताई गेल्या, माहीत आहे ना?”

“व्हय.”

मग दुसऱ्या बाजूनं. “मग पुढच्या तारखेला ताई येतील ना?”

त्यानं भजं खायचं थांबवलं. मी पेरं मोजली. समोर गाडी फलाटाला लागली, लोक उठले. त्याची आई पुढं होऊन आम्हाला हात करत होती.

“न्हाई,” बबन म्हणाला. “ताई मेल्या. तूच आल्तीस सांगाया.”

मी तशीच बसून राहिले. बबननं खाली वाकून माझ्या तोंडाकडं निरखून बघितलं, तुम्ही त्याच्याकडं बघायच्या तसं, घाई न करता.

“कळलं न्हाई?” त्यानं विचारलं. “परत सांगू?”

मी म्हणाले, “सांग.”